वाटाण्याचा अंकुर व आगकाड्यांची मौज

गेल्या पोळ्याच्या सुमारास कांहीं घरगुती कामानिमित्त आमचें मुखेडास जाणें झालें. नांदेड जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव. दशरथेश्वराच्या जुन्या देवळामुळें इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक, इतरांस फारसें नाहीं. ज्या घरीं आम्ही उतरलों होतों तेथें ओसरीवर एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा दुपारभर एका पाटापुढें बसून होता. पाटावर पूजेकरितां आणलेल्या मातीच्या बैलांपैकीं एक, आणि समोर पाठ्यपुस्तकांच्या चळतीस टेकून ठेवलेला मोबाइल. मुलगा बैल गव्हाभर पुढें सरकवी, हात मागें घेई, एक चित्र टिपी. पुन्हां गव्हाभर सरकवी, पुन्हां टिपी. आजीनें दोनदां विचारलें, "काय करायलास रे दुपारधरनं?" त्यानें उत्तर दिलें नाहीं. दिवेलागणीस त्यानें तो खेळ सर्वांस दाखविला, तेव्हां मातीचा बैल पाटाच्या एका कडेपासून निघून दुसऱ्या कडेकडे आपला आपण जाऊं लागला. एकंदर आठ सेकंद. चालण्यापेक्षां सरकणेंच अधिक, मध्येंच उजेड कमी-जास्त होई, एके ठिकाणीं मुलाचा अंगठाहि चित्रांत आला होता; तरी घरांतील एकूणएक माणसें तेंच तीन-तीन वेळां पाहत बसलीं.

आजोबांचें मत मात्र निराळें पडलें. आठ सेकंदांसाठीं अख्खी दुपार घालविणें हे या मोबाइलचे नवे चाळे, असें ते म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

आम्हांस त्यांच्या बोलण्यांतील 'नवे' हा शब्द खटकला. चाळा असेल, पण नवा खास नाहीं. आमच्याकडे चित्रपटाचा इतिहास 'राजा हरिश्चंद्रा'पासून, म्हणजे ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत तो लोकांपुढें आला त्या दिवसापासून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु त्यापूर्वीं सुमारें वर्षभर त्याच धुंडिराज गोविंद फाळक्यांनीं एक चिमुकला चित्रपट घेतला होता, ज्यांत राजा नव्हता, राणी नव्हती, नट नव्हता कीं कथानक नव्हतें. त्याचा नायक वाटाण्याचा दाणा होता. पुढें १९१५ च्या सुमारास त्यांनीं आणखी एक घेतला. त्यांत आगकाड्या आपल्या आपण हालतात. चरित्रकार या दोन्ही कृति एखाददुसऱ्या ओळींत आटोपून लगबगीनें हरिश्चंद्राकडे वळतात. ही लगबग आमच्या मतें चुकीची आहे. फाळक्यांचें जें खरें बळ तें या एका कुंडींत व एका काड्यापेटींत जितकें उघडें दिसतें तितकें त्यांच्या मोठ्या पौराणिक कथांतहि दिसत नाहीं. मराठी माणसाच्या हातून हालत्या चित्राचा जन्म झाला तो नटाच्या अभिनयांतून नव्हे, तर एक-एक चित्र मोजून घेण्याच्या चिकाटींतून झाला, असें आमचें म्हणणें आहे. आणि तें कसें हें जरा विस्तारानें सांगावेंसें वाटतें.

या कलेस जगभर 'स्टॉप मोशन' म्हणतात व मराठींतहि तेंच नांव आतां रूढ झालें आहे. तिचें तत्त्व अगदीं सोपें. चित्रपटांत हालचाल म्हणून कांहीं नसतेंच. असतात तीं स्थिर चित्रें. मूकपटांच्या काळीं सेकंदास सुमारें १६, बोलपट आल्यावर २४. तीं इतक्या त्वरेनें डोळ्यांपुढून जातात कीं मन त्यांची सांखळी जुळवितें. नेहमींच्या चित्रपटांत समोर खरोखर चाललेल्या हालचालीचे कॅमेरा बारीक तुकडे पाडतो. येथें सारें उलट. समोर कांहींच हालत नसतें. एक चित्र घ्यावयाचें, कॅमेरा थांबवावयाचा, वस्तु किंचित् सरकवावयाची, हात बाजूस घ्यावयाचा, मग दुसरें चित्र घ्यावयाचें. जी हालचाल होते ती दोन चित्रांमधल्या फटींत होते, आणि ती फट पाहणाऱ्यास कधींच दिसत नाहीं.

कळसूत्री बाहुल्यांशीं या कलेची तुलना पुष्कळजण करतात. ती आम्हांस अर्धवटच पटते. बाहुली सूत्रधाराच्या बोटांबरोबर खरोखर नाचते; चुकली तर प्रेक्षकांच्या समक्ष चुकते. येथें मातीचा बैल चालतांना कोणींच पाहिलेला नसतो. ज्यानें चालविला त्यानेंहि नाहीं. जवळचें नातें शोधावयाचें तर तें आमच्या मराठवाड्यांतील पैठणच्या चित्रकथी परंपरेशीं अधिक जुळतें. सुटीं चित्रें एकामागून एक पुढें धरावयाचीं आणि मधला प्रवास पाहणाऱ्याच्या मनावर सोंपवावयाचा, ही त्या कथेकऱ्यांची रीत होती.

आतां फाळक्यांकडे वळूं. सन १८७० मध्यें त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या या माणसानें चाळिशीपर्यंत काय काय केलें याची यादी वाचली म्हणजे प्रथम दया येते. मुंबईचें जे. जे. स्कूल, बडोद्याचें कलाभवन, गोध्र्यास फोटोग्राफीचा धंदा, पुराणवस्तु खात्यांत नोकरी, मग लोणावळ्यास व पुढें दादरास छापखाना. कोठेंहि पाय ठरला नाहीं. पण ही भटकंती आम्ही निराळ्या नजरेनें पाहतों. रंगीत शिळाछापाचें काम ज्यांनीं जवळून पाहिलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, त्यांत एकाच चित्राकरितां प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा असतो, आणि तोच कागद पुन्हां पुन्हां त्या ठशांखालीं घालावा लागतो. कागद केसभर सरकला तर ओठांचा तांबडा रंग हनुवटीवर उतरतो. प्रत्येक वेळीं कागद पूर्वीच्याच जागीं बसविणें हें या धंद्याचें मर्म. स्टॉप मोशनचें मर्महि नेमकें हेंच: कॅमेरा जागचा तसूभर हालतां कामा नये, पार्श्वभूमि तीच राहिली पाहिजे, आणि जें हलवावयाचें तें मात्र मोजकें हाललें पाहिजे. छापखान्यांत ज्याच्या बोटांस ही शिस्त लागली त्यास नवी विद्या फारशी परकी वाटली नसेल.

दुसरी गोष्ट जादूची. फाळके हातचलाखीचे प्रयोग शिकले होते, व आपलेंच आडनांव उलटें फिरवून 'प्रोफेसर केल्फा' या नांवानें ते प्रयोग करीत. चित्रपटाच्या बाल्यावस्थेंत जादूगारांचा वाटा किती मोठा होता हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पॅरिसचा मेलिएस जादूगारच होता. रस्त्याचें चित्र घेतांना १८९६ सालीं त्याचा कॅमेरा क्षणभर अडकला आणि पडद्यावर बसगाडीची शववाहिका झालेली दिसली, अशी हकीकत त्यानेंच पुढें सांगितली. कॅमेरा थांबवून मध्यें बदल करण्याची युक्ति तेथून त्याच्या हातीं लागली, असें तो म्हणे. ही युक्ति एकदां थांबण्याची. हीच प्रत्येक चित्रागणिक केली म्हणजे आमच्या मुखेडच्या मुलाचा बैल होतो.

मुंबईंत १९११ च्या सुमारास फाळक्यांनीं येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला, आणि आपल्या रामकृष्णांचीं चरित्रें अशीं कां दिसूं नयेत या ध्यासानें ते झपाटले, ही कथा सर्वश्रुत आहे. मग रात्रंदिवस चित्रपट पाहणें व त्या विद्येचा अभ्यास करणें यांपायीं डोळे अधू झाले. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. आणि फेब्रुवारी १९१२ मध्यें ते विलायतेस गेले. तेथें 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनीं त्यांस आधीं परावृत्त करण्याचा यत्न केला व मग मनापासून मदत केली. सेसिल हेप्वर्थ यांचा कारखाना त्यांस पाहावयास मिळाला. विल्यमसनचा कॅमेरा, फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्र आणि कच्ची फिल्म यांची तजवीज करून एप्रिलमध्यें फाळके परतले. ज्ञान आलें, यंत्रेंहि आलीं. पैसा मात्र उरला नव्हता.

येथें वाटाण्याचा प्रवेश होतो. कुंडींत एक दाणा पेरून त्यापुढें कॅमेरा लावावयाचा, आणि कोंब फुटून त्याचा वेल होईपर्यंत ठराविक वेळानें एकेक चित्र घेत जावयाचें, असा हा प्रयोग. काम महिन्याहून अधिक चाललें, आणि पडद्यावर तें सारें मिनिटभरांत आटोपलें. चित्रपटाचें नांव 'अंकुराची वाढ'.

फाळक्यांनीं रोज एकच चित्र घेतलें असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. हें वाचून आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. सेकंदास १६ या हिशेबानें एका मिनिटास ९६० चित्रें लागतात. फिल्मच्या एका फुटावर १६ चित्रें बसतात, म्हणजे फिल्म झाली ६० फूट. रोज एक चित्र घेतलें तर ४० दिवसांत ४० चित्रें होतील आणि वाटाण्याचा सारा जन्म अडीच सेकंदांत संपेल. प्रेक्षकाची पापणी लवायच्या आंत! मिनिटभराचा खेळ हवा तर ४० दिवस रोज २४ चित्रें पाहिजेत. दिवसाउजेडाचे १२ तास धरले तर दर अर्ध्या तासास एक. तेव्हां 'रोज एक चित्र' ही दंतकथा हिशेबास टिकत नाहीं, आणि ती टिकत नाहीं यांतच फाळक्यांचें मोठेपण आहे. रोज सकाळीं एकदां हँडल फिरवून कामास लागणें कोणासहि जमेल. दर अर्ध्या तासानें, महिना-सव्वा महिना, एका कुंडीपुढें घड्याळ धरून उभें राहणें ही निराळी गोष्ट आहे. कुंडी सरकतां कामा नये, कॅमेऱ्यास धक्का लागतां कामा नये, घरांतील पोरांस त्या बाजूस फिरकूं देतां कामा नये. आणि मधला एखादा प्रहर चुकला तर अंकुर पडद्यावर उडी मारतो, तो दोष मागाहून पुसतां येत नाहीं. हा हिशेब आमचा आहे, फाळक्यांच्या वहींतला नव्हे. परंतु अंकगणित त्यांस व आम्हांस एकच.

या खटाटोपांत सरस्वतीबाईंचा वाटा सांगितल्याशिवाय पुढें जाणें अन्यायाचें होईल. त्या काळची कच्ची फिल्म भोकांशिवाय येई. अंधाऱ्या खोलींत बसून तिच्या कडांस भोकें पाडणें, चित्रें घेतल्यावर ती रसायनांत धुणें, हीं कामें त्या शिकल्या व करीत राहिल्या. वाचकांस हें किरकोळ वाटेल. पण फिल्म कॅमेऱ्यांत व पडद्यापुढें जागच्या जागीं बसते ती या भोकांच्याच आधारें. भोक वांकडें पडलें तर प्रत्येक चित्र थरथरतें, आणि मंद वाढणाऱ्या अंकुराच्या चित्रांत ती थरथर जितकी खुपेल तितकी लढाईच्या चित्रांत खुपणार नाहीं. चित्रपट-मंडळी जमल्यावर त्या सर्वांचा स्वयंपाकहि याच बाईंकडे आला. दागिनेहि कामीं आले. चरित्रग्रंथांत त्यांस 'सहधर्मचारिणी' म्हणून गौरविलेलें असतें. आम्ही त्यांस पहिल्या मराठी तंत्रज्ञ म्हणूं.

हा मिनिटभराचा चित्रपट फाळक्यांनीं घरच्या मंडळींस व निवडक परिचितांस दाखविला. त्यांत फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी होते. त्यांनीं तो पाहून पैसे उभे करून देण्याचें कबूल केलें. आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील हा सर्वांत नवलाचा प्रसंग. सावकार घर पाहतो, शेत पाहतो, सोनें पाहतो. येथें वाटाण्याचा वेल तारण झाला. आणि व्यापाऱ्याचा हिशेब चुकीचाहि नव्हता. ज्या माणसानें कोणाची आज्ञा नसतां, मजुरी नसतां, एका रोपट्यापुढें एवढे दिवस काढले तो हातीं घेतलेलें काम अर्ध्यावर टाकणार नाहीं, याहून भक्कम जामीन कोणता असतो? 'राजा हरिश्चंद्र' या वाटाण्यांतून उगवला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथें एखादा काटेकोर वाचक आक्षेप घेईल कीं, वाटाणा तर आपला आपण वाढतो. त्यास कोणीं सरकविलें नाहीं. मग यास स्टॉप मोशन कसें म्हणावें? आक्षेप रास्त आहे. वाटाण्याच्या चित्रांत काळ आंखडलेला असतो, वस्तूस चाल दिलेली नसते. ही तिची सख्खी बहीण म्हणावी. शिवाय या बाबतींत फाळके जगांत पहिलेहि नव्हेत: जर्मनींत प्फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रोपांचीं अशीं चित्रें घेतलीं होतीं, आणि इंग्लंडांत पर्सी स्मिथ यांचा फुलांच्या उमलण्यावरील चित्रपट १९१० सालीं लोकांनीं पाहिला होता. पण मधला हात एकच: थांबणें, मोजणें, पुन्हां थांबणें. ज्यानें वाटाणा साधला त्यानें पुढचें पाऊल टाकलें तें आगकाड्यांचें, आणि तेथें मात्र आक्षेपास जागा उरत नाहीं.

'आगकाड्यांची मौज' हा १९१५ चा. काळ कठीण होता. आदल्या वर्षीं फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हां लंडनास गेले होते; तिकडे त्यांचें कौतुक झालें; पण महायुद्ध पेटलें, परदेशी मालाची आवक आटली, आणि घरीं नाशकास मंडळी पगाराविना बसून राहण्याची वेळ आली. मोठी कथा घ्यावयाची तर नट, पोशाख, पडदे व हजारों फूट फिल्म पाहिजे. काड्यापेटीस काय लागतें? मोठ्या खेळाबरोबर दाखविण्याकरितां फाळक्यांनीं या काळांत व मागें-पुढें कितीतरी छोटे चित्रपट केले: 'पिठाचे पंजे', 'धूम्रपान लीला', 'विचित्र शिल्प', नाणीं हलविणारा 'लक्ष्मीचा गालिचा'. यांत दारिद्र्यानें शिकविलेलें शहाणपण किती आणि जादूगाराची हौस किती हें वेगळें करून दाखविणें अवघड आहे. कर्जानें वेढलेल्या माणसानें नाण्यांस नाचवावें हा योग मात्र आम्हांस फार बोलका वाटतो.

या कलेच्या दृष्टीनें आगकाडीसारखें पात्र नाहीं. सर्व काड्या सारख्या, म्हणून एक मोडली तर दुसरी घ्यावी, प्रेक्षकास पत्ता लागत नाहीं. एका टोंकास गूल असल्यामुळें तिला डोकें आहे, आणि डोकें आलें कीं दिशा आली. काडी कोणीकडे पाहते हें कळतें. चार काड्यांची खाट होते, पांच-सहांचा माणूस होतो. दोषहि तितकेच. काडी इतकी हलकी कीं शिंकेनें उडते. म्हणून ती मेणाच्या कणानें चिकटवावी लागते. सूर्यप्रकाशांत काम करावें, आणि त्या काळीं आमच्याकडे चित्रें सूर्यप्रकाशांतच घेत, तर दुसराच शत्रु उभा राहतो: काड्या जागच्या जागीं असतांहि त्यांच्या सांवल्या दुपारभर फिरत राहतात, आणि पडद्यावर त्या घड्याळाच्या कांट्यांसारख्या गरगर धांवतात. वर पातळ पांढरें कापड ताणून उजेड गाळून घेणें हा त्यावर उपाय. हँडलच्या एका फेऱ्यास साधारणतः आठ चित्रें निघत. या कामीं फेऱ्यागणिक एकच चित्र घेणारी वेगळी खुंटी पुष्कळ कॅमेऱ्यांस असे.

आगकाड्यांची कल्पना पूर्वीं इतरांसहि सुचली होती. फ्रान्समध्यें एमिल कोल यांनीं १९०८ सालीं काड्या नाचविल्या. इंग्लंडांत मेलबर्न-कूपर यांचा आगकाड्यांचा एक चित्रपट आहे. तो १८९९ चा कीं पहिल्या महायुद्धांतला यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाहीं. आणि रशियाच्या अमलाखालील कौनस शहरांत लादिस्लास स्तारेविच या माणसास १९१० सालीं शिंगाड्या भुंग्यांची झुंज टिपावयाची होती. ते निशाचर प्राणी, दिव्याचा उजेड पडतांच निपचित होत. तेव्हां त्यानें मेलेल्या भुंग्यांस तार व मेण लावून त्यांस चित्रागणिक हलविलें. पाहणाऱ्यांस ते शिकविलेले किडे वाटले! या तिघांच्या पंक्तींत फाळक्यांस बसवितांना आम्हांस संकोच वाटत नाहीं. कल्पना कोणाची आधींची यापेक्षां, त्या त्या माणसास ती कोणत्या अडचणींतून सुचली हें पाहणें आम्हांस अधिक आवडतें. स्तारेविचास भुंगे झोपतात ही अडचण, फाळक्यांस फिल्म परवडत नाहीं ही.

खेदाची गोष्ट अशी कीं, 'आगकाड्यांची मौज' आज पाहावयास मिळत नाहीं. त्या काळची फिल्म नायट्रेटची. बंदुकीच्या स्फोटक कापसाची ती जवळची नातलग. म्हणजे काड्यांची मौज ज्या पट्टीवर उतरली ती पट्टी काडीहूनहि लवकर पेटणारी होती. फाळक्यांनीं केलेल्या जवळजवळ शंभर मोठ्या चित्रपटांतून व कितीतरी छोट्या चित्रपटांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, तेहि बहुधा तुकड्यांनीं, उरले: 'हरिश्चंद्रा'चीं पहिलें व शेवटचें अशीं दोन रिळें, 'लंकादहना'चा अंश, बरेचसें 'कालियामर्दन'. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास स्थापन झालें तें १९६४ सालीं, फाळके निवर्तल्यानंतर वीस वर्षांनीं. आणि तेथेंहि जानेवारी २००३ मध्यें लागलेल्या आगींत नायट्रेटच्या जुन्या फिल्मचा मोठा सांठा भस्म झाला. आगीस दोष देऊन मोकळें होतां येत नाहीं. पोथी फाटली तर आम्ही नक्कल करून ठेवतों. 'मौज' हा शब्द ज्याच्या नांवांत आहे तें जपण्याजोगें असतें हें मात्र आमच्या ध्यानांतच येत नाहीं. फाळक्यांस स्वतःस तें कळलें होतें. १९१७ सालीं चित्रपट कसे तयार होतात हें दाखविणारा एक छोटा चित्रपट त्यांनीं काढला, आणि त्याच सुमारास 'नवयुग' मासिकांत आपल्या धंद्याची हकीकत लेखांतून सांगितली. जादू करणारा स्वतःच पडदा दूर करून आंतली दोरी दाखवितो, हें जादूगारांत दुर्मिळ आहे.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येण्यासारखा आहे, कारण तो थोडाच आहे. १९३४ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें गुणमय बॅनर्जींचा हातीं काढलेल्या चित्रांचा एक चित्रपट दाखविला. त्याचें नांव 'द पी ब्रदर्स', म्हणजे वाटाणा-बंधु! हिंदी व्यंगचित्रपटांचा आरंभ पुष्कळ लेखक येथून धरतात, आणि बावीस वर्षांपूर्वींचा दादरचा वाटाणा विसरतात. त्याच सुमारास पुण्याच्या प्रभात कंपनींत 'जंबूकाका' निघाला. १९५६ सालीं सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्यें मुंबईस स्वतंत्र कार्टून विभाग उघडला. हें सर्व मुख्यतः कागदावर रेखाटलेल्या चित्रांचें काम. प्रत्यक्ष वस्तु हलविण्याची परंपरा मुंबईंत पुन्हां जोमानें दिसली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस, दूरदर्शनावरील जाहिरातींत, मातीच्या बाहुल्यांच्या रूपानें. त्या मंडळींपैकीं सुरेश एरियत यांच्या स्टुडिओनें वर्षानुवर्षे खपून 'टोकरी' हा सुमारें पंधरा मिनिटांचा चित्रपट पुरा केला तो २०१७ सालीं. त्यास राष्ट्रीय पारितोषिकहि मिळालें. वडिलांचें जिवापाड जपलेलें घड्याळ एका मुलीच्या हातून मोडतें, आणि तें दुरुस्त करण्याकरितां ती टोपल्या विकूं लागते, एवढीच कथा. मुलीच्या चेहऱ्यावरील अपराधी भाव पाहतांना ती माती आहे हें आम्ही विसरलों, हें कबूल केलें पाहिजे.

ही माती म्हणजे आमच्या ओढ्याकांठची माती नव्हे. इंग्लंडांत विल्यम हार्बट नांवाच्या चित्रकलाशिक्षकानें १८९७ सालीं आपल्या विद्यार्थ्यांकरितां न वाळणारी तेलकट माती बनविली, तिचेच हे वंशज. साधी माती दिव्यापुढें तासाभरांत वाळते, आणि वाळली कीं तडकते.

हें सारें आम्हीं त्या मुखेडच्या मुलास दुसऱ्या दिवशीं सांगितलें, आजोबा ऐकतील अशा बेतानें. मुलगा वाटाण्यापेक्षां आगकाड्यांवर अधिक खूष झाला. वस्तु एकदम वेगानें निघत नाहीं व एकदम थांबत नाहीं, म्हणून आरंभीं व शेवटीं पाऊल तिळाएवढें टाकावें आणि मध्यें गव्हाएवढें, हें आम्हीं वाचलेलें त्यास सांगूं लागलों, तों तो म्हणाला, "बैल तसाच उठतो की." पुस्तकाचें काम त्याच्या गोठ्यानेंच आधीं करून ठेवलें होतें. सांवल्यांचा दोष सांगतांच त्यानें ओसरी सोडली, आंतल्या खोलीची खिडकी गोधडीनें झांकली आणि टेबलावरचा दिवा आणला. पूजेच्या बैलाचे पाय एकसंध, ते हालणार कसे? म्हणून विजेच्या जुन्या तारेचा सांगाडा करून त्यावर त्यानें माती थापली. ती वाळूं नये म्हणून तींत आजीच्या देवघरांतील तेल ओतलें. त्यावरून बोलणीं बसलीं तीं निराळीं. दोन वेळां वीज गेली. एकदां मागचा पाय गळून पडला, तो बाभळीच्या कांट्यानें जोडला.

तिसऱ्या दिवशीं आमची गाडी दुपारची होती. निघण्यापूर्वीं नवा खेळ पाहिला. २१४ चित्रें, सेकंदास १२ प्रमाणें अठरा सेकंदांस थोडीं कमी. बैल उठतो, मान हलवितो, चार पावलें टाकतो, थांबतो, पुन्हां निघतो आणि पाटाच्या कडेशीं येऊन एक पाय उचललेला असतांना चित्र संपतें. आजोबा खुर्चींतून पुढें वांकून पाहत होते. कांहीं बोलले नाहींत. फक्त उजवा पुढचा पाय आधीं पडतो कीं डावा, यावर त्यांनीं नातवाची चूक दाखविली. आजीनें विचारलें, "मग पुढं कुठं चालला म्हणं त्यो?"

"मोबाइल भरला, आजी," मुलगा म्हणाला.